माल गरम भरून चालत नाही

या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की माल जरा गरम भरला तरी रीफर, म्हणजे थंड ठेवणारं मशीन बसवलेला मालवाहू कंटेनर, तो वाटेत थंड करून घेईल. नाही हो, घोळ होतो तो इथेच. ते मशीन तापमान टिकवायला असतं; माल शीतगृहातच हव्या त्या तापमानाला आणून मग भरायचा.

रचाईबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. थंड हवा कंटेनरच्या तळाच्या खाचांतून वर येते आणि छताखालून मशीनकडे परतते. उणे 18 अंशांचा गोठवलेला माल स्वतः उष्णता सोडत नाही, त्यामुळे खोकी चिकटवून रचली तरी भोवतीने हवा फिरली की भागतं. ताजी फळं श्वसन करतात, उष्णता सोडतात. त्यांच्या खोक्यांची भोकं एकावर एक जुळलीच पाहिजेत. आणि माल कुठवर रचायचा ते दाखवणाऱ्या आतल्या लाल रेषेच्या वर थप्पी गेली की हवेची परतीची वाट बंद. मग दाराकडचा माल आधी बिघडतो, मशीनच्या स्क्रीनवर तापमानाचा आकडा बरोबर दिसत असला तरी.