यंत्राने केलेल्या भाषांतराखाली आपली सही करावी का?

शब्दवेल्हाळ (पुणे):

नमस्कार. गेली सतरा वर्षे मी दस्तऐवजांच्या भाषांतराचे काम करते. खरेदीखते, हक्कसोडपत्रे, मृत्युपत्रे, सातबारा उतारे आणि फेरफार यांचे इंग्रजी भाषांतर करायचे, त्याखाली 'हे मूळ मजकुराचे खरे व अचूक भाषांतर आहे' असा दाखला लिहायचा आणि सही-शिक्का द्यायचा, हा माझा व्यवसाय. राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, तर उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते. त्यामुळे दावा वर गेला की खालची मराठी कागदपत्रे इंग्रजीत आणावीच लागतात, आणि या एका कारणाने आम्हाला आजवर कामाची वाण पडली नाही.

गेल्या दीड वर्षात मात्र कामाचे स्वरूपच बदलले. ज्या संस्थेकडून मला सर्वाधिक काम मिळते, ती आता मूळ कागदासोबत कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले भाषांतरही पाठवते आणि मी ते 'फक्त नजरेखालून घालून' परत करावे अशी तिची अपेक्षा असते. पूर्वी शब्दाला दीड रुपया मिळत असे, तपासणीचे पन्नास पैसे मिळतात. दाखल्यातील शब्द मात्र तेच आहेत आणि सहीही माझीच.

प्रश्न केवळ पैशांचा असता तर कदाचित येथे लिहिले नसते. मागच्या महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील एका जमिनीचा उतारा आला. इतर हक्काच्या रकान्यातील 'कूळ' (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा) या शब्दासाठी यंत्राने घराणे या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला होता, आणि नावापुढची 'अ.पा.क.' ही अक्षरे कोणाची तरी आद्याक्षरे समजून तशीच ठेवली होती. इंग्रजी इतके सफाईदार होते की पहिल्या वाचनात माझीही नजर त्यावरून पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवण्यापूर्वी मूळ उतारा पुन्हा हातात घेतला तेव्हा चूक दिसली आणि मी अक्षरशः हादरले.

असे काम स्वीकारावे का, स्वीकारले तर कोणत्या पद्धतीने करावे, आणि दाखल्यात काय लिहावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना कारकून (नागपूर):

ताई, आपण जी चूक पकडली तिचे गांभीर्य इतर वाचकांनाही कळावे म्हणून आधी तेच सांगतो. सोलापूरला लागू असलेला मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा आहे, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्यानेच जमिनीची खरेदीदार मानली गेली. अशा जमिनीवर कलम ४३ चे बंधन येते, म्हणजे ती विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागण्याचा प्रश्न उभा राहतो. 'कूळ' म्हणजे घराणे असे इंग्रजीत गेले की तो रकाना निव्वळ कौटुंबिक माहिती वाटू लागतो आणि बंधनाचा मागमूसही उरत नाही. शिवाय हा शब्द बरोबर ओळखला तरी काम संपत नाही, कारण मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कायदा आणि आमच्या विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा, त्यामुळे जमीन कोणत्या जिल्ह्यातली हे पाहूनच पुढच्या नोंदी वाचाव्या लागतात.

'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. येथे 'अज्ञान' याचा अर्थ अल्पवयीन. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकाने न्यायालयाच्या परवानगीवाचून अज्ञानाची स्थावर मिळकत विकली तर तो व्यवहार अज्ञानाला पुढे रद्द करून घेता येतो. ती तीन अक्षरे आद्याक्षरे म्हणून गेली असती, तर त्या मिळकतीत एका मुलाचा हक्क गुंतलेला आहे हे इंग्रजी वाचणाऱ्याला कळलेच नसते.

माझी पद्धत सांगतो. यंत्राचा मसुदा आधी वाचू नये, हा माझ्यासाठी पहिला नियम. तो एकदा वाचला की आपले डोळे मूळ मजकुरात तेच शोधू लागतात. प्रथम मूळ कागद पेन्सिल घेऊन वाचावा, संज्ञा, संक्षेप, नकार, आकडे आणि नावे यांखाली रेघ मारावी, आणि मगच मसुदा उघडावा. नकार विशेष जपावेत, कारण लांबलचक कलमातील एक 'नाही' गळाला तर कराराचा अर्थ उलटतो आणि वाक्य मात्र निर्दोष दिसते. इंग्रजीतून मराठीत येतानाही हेच होते. 'विदाउट प्रेज्युडिस' याचे 'पूर्वग्रहाशिवाय' असे भाषांतर मी अनेकदा पाहिले आहे. तेथे 'हक्कांना बाधा न येता' असा अर्थ हवा. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश अशा वेळी अजूनही हाताशी असावा.

या रीतीने काम केले तर वेळ जवळजवळ मूळ भाषांतराइतकाच लागतो, म्हणून शब्दाचा दर घेऊच नये, तासाचा घ्यावा. टंकलेखनाचे श्रम यंत्राने वाचवले, हे मान्य. आपल्याला मोबदला मिळायला हवा तो अर्थाची हमी घेण्याचा.

वाक्यरचना (बंगळुरू):

मी भाषा-तंत्रज्ञानात काम करते, म्हणून अशी चूक का होते तेवढे सांगते. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी २०१३ मध्ये आली, आणि २०१७ मध्ये ती न्यूरल पद्धतीवर गेली. त्याआधीची यंत्रे वाक्याचे तुकडे जोडत असत, त्यामुळे चूक झाली की वाक्यच मोडलेले दिसे आणि वाचणारा थबकत असे. आताची यंत्रे पुढचा शब्द कोणता येणे अधिक संभवनीय आहे हे ठरवत वाक्य घडवतात. त्यामुळे अर्थ चुकला तरी वाक्य मोडत नाही, आणि तपासणाऱ्याला पूर्वी मिळणारी सूचना आता मिळत नाही. आपली नजर सरकली यात आपला हलगर्जीपणा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचे आहे.

'कूळ' हा शब्द यंत्राने शिकलेल्या मजकुरात बहुतेक वेळा वंश या अर्थाने आलेला असणार. महसुली मराठीचे जोडीने केलेले इंग्रजी भाषांतर आंतरजालावर फारसे नाही. चेन्नईच्या आयआयटीतील 'एआयफॉरभारत' या गटाने २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी भाषांतराचे प्रारूप खुले केले, ही मोठी गोष्ट आहे, परंतु तलाठ्याच्या हाताखालून आलेले संक्षेप त्यातही आपोआप येणार नाहीत. आपण संज्ञांची यादी तयार करून मसुदा करण्यापूर्वी यंत्राला दिली तर पुष्कळ फरक पडतो, आणि अशी यादी संस्थेने नव्हे तर आपणच करायला हवी, कारण ते ज्ञान आपल्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट. अशिलांची मृत्युपत्रे आणि खरेदीखते कोणत्याही मोफत संकेतस्थळावर चिकटवू नयेत. त्यांत नावे, वये, पत्ते आणि मालमत्तेचा तपशील असतो, आणि तो कोठे साठवला जाईल यावर आपले नियंत्रण राहत नाही. संस्था कोणती सेवा वापरते, हे लेखी विचारून घ्यावे.

तालुका वकील (सातारा जिल्हा):

वरील सर्व सूचना मला मान्य आहेत, तरीही एक दुसरी बाजू मांडावीशी वाटते. माझ्याकडे येणाऱ्या शेतकऱ्याला उच्च न्यायालयाचा इंग्रजी निकाल आजवर कोणी भाषांतर करून देत नव्हते, कारण चाळीस पानांचे पैसे त्याला परवडत नसत. वकील दोन वाक्यांत निकाल सांगे, आणि आपण का हरलो हे कळण्याचा त्याचा हक्क तेथेच संपे. आता मी मसुदा काढतो, स्वतः दुरुस्त करतो आणि त्याच्यासमोर बसून वाचतो. परवा एका वृद्ध अशिलाने तिसऱ्या पानावर मला थांबवून सांगितले की साक्षीदाराचे म्हणणे न्यायालयाने असे नोंदवले असेल, तर गावात झालेली मोजणी वेगळीच होती. तो मुद्दा माझ्या ध्यानात आलेला नव्हता.

मात्र समजण्यासाठीचे भाषांतर आणि पुराव्यासाठीचे भाषांतर या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवायला हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' हे भाषांतराचे सॉफ्टवेअर आणले आणि आज त्या न्यायालयाचे निकाल मराठीतही मिळतात, परंतु हे भाषांतर पक्षकाराला आपल्या भाषेत समजावे एवढ्यापुरतेच आहे आणि अधिकृत पाठ इंग्रजीच राहील, असे त्यावर स्पष्ट नमूद असते. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण जाहीर केले, त्यातही यंत्राने केलेले भाषांतर पात्र भाषांतरकाराने किंवा न्यायाधीशांनी तपासलेच पाहिजे अशी अट आहे. ताईंनी आपल्या संस्थेला हेच दाखवावे. जे काम न्यायालय माणसाकडून करून घ्यायला सांगते, त्याला 'नजरेखालून घालणे' म्हणता येणार नाही.

मुक्काम बेळगाव:

मी असा दाखला देण्यास नकार दिला. त्या संस्थेचे काम तेव्हापासून बंद झाले, आणि ते दुसरे कोणीतरी त्याच दरात करत आहे. निर्णय घेताना हेही लक्षात असू द्यावे, एवढेच सांगायचे होते.

शब्दवेल्हाळ (पुणे):

सर्वांची मनापासून आभारी आहे. बेळगावच्या सदस्यांनी लिहिलेले वाचून दोन दिवस विचारात गेले.

काल संस्थेशी सविस्तर बोलले. न्यायालयात जाणाऱ्या कागदांसाठी तासाचा दर मान्य झाला. केवळ माहितीसाठी हव्या असलेल्या मजकुराचा दर तोच राहिला आणि त्यावर मी दाखला देणार नाही, असे ठरले. जेथे दाखला देईन तेथे 'प्रारंभिक मसुदा यंत्राने केला असून तो मूळ मजकुराशी शब्दशः ताडून पाहिला आहे' हे वाक्य घालण्यास त्यांनी आधी हरकत घेतली, ग्राहक बिचकतील असे त्यांचे म्हणणे होते. मी आग्रह सोडला नाही. यावर त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.

संज्ञांची यादी कालपासून सुरू केली आहे. आतापर्यंत कूळ, अ.पा.क., ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, पोटखराबा, आणेवारी, साठेखत आणि बक्षीसपत्र (मिळकत विनामोबदला देण्याचा दस्त) एवढे शब्द घेतले आहेत. यंत्राने बक्षीसपत्राला स्पर्धेतील पारितोषिकाचे पत्र समजू नये म्हणून त्यापुढे अर्थही लिहिला आहे. नागपूरच्या काकांना विनंती आहे की विदर्भातील उताऱ्यांत येणारे आणि आमच्याकडे न आढळणारे संक्षेप त्यांनी कळवावेत. मराठवाड्यातील कोणी सदस्य असतील तर त्यांनीही आपल्याकडचे शब्द येथे लिहावेत, मी ते यादीत घेईन.