डिस्क सीडी, डीव्हीडी की ब्लू-रे? ओळखणारं फंक्शन चुकीचं उत्तर देतंय (पायथन, उबुंटू)

नौपाडा_कोडर:
नौपाड्यातल्या एका फोटो स्टुडिओच्या लग्नाच्या जुन्या डिस्क हार्डडिस्कवर उतरवायच्या आहेत. यूएसबी रायटर आहे. फंक्शन ३२७६९ या ऑफसेटपासून (डिस्कच्या सुरुवातीपासून इतके बाइट सोडून) पाच बाइट वाचतं. 'सीडी००१' मिळालं तर सीडी, नाहीतर डीव्हीडी. पण डीव्हीडीसुद्धा सीडी म्हणून येतात, ऑडिओ सीडीवर इनपुट-आउटपुट एरर येतो आणि काही डिस्क रिकाम्या दिसतात, जरी मागून बर्न झालेला भाग वेगळ्या रंगाचा दिसतोय. काय करू?

वाशीकर_बाइट:
'सीडी००१' ही आयएसओ ९६६० या फाइल सिस्टिमची (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची) खूण आहे. डिस्क कुठली, ते त्यावरून कळत नाही. डीव्हीडी-व्हिडिओवर आयएसओ आणि यूडीएफ (दुसरी एक फाइल सिस्टिम) दोन्ही नांदतात, म्हणून हा घोळ. दोन फंक्शनं करा.

पहिलं ड्राइव्हलाच विचारेल: गेट कॉन्फिगरेशन कमांड, ऑपकोड हेक्स ४६, एसजी-आयओ आयऑक्टलमधून (लिनक्समध्ये ड्राइव्हला थेट कमांड पाठवायचा कॉल). उत्तरातले बाइट ६ आणि ७ (मोजणी शून्यापासून, मोठा बाइट आधी) म्हणजे चालू प्रोफाइल (आतल्या डिस्कचा प्रकार). हेक्समध्ये ०००८ सीडी-रॉम, ०००९ सीडी-आर, ००१० डीव्हीडी-रॉम, ००११ डीव्हीडी-आर, ००१बी डीव्हीडी प्लस आर, ००४० बीडी-रॉम (ब्लू-रे). डिव्हाइस नॉन-ब्लॉक फ्लॅग लावून उघडा, नाहीतर ट्रे रिकामा असला की ओपनच फसतं.

दुसरं फाइल सिस्टिम बघेल. सेक्टर १६ पासून (वाशीतला नव्हे!) २०४८ बाइटांचा एकेक सेक्टर वाचा. पहिला बाइट प्रकार, पुढचे पाच ओळख. प्रकार २५५ आला की आयएसओची यादी संपते आणि बरेच जण तिथेच लूप तोडतात. तोडू नका, यूडीएफची 'बीईए०१', 'एनएसआर०२' किंवा 'एनएसआर०३', 'टीईए०१' ही माळ त्याच्याही पुढे असते. एनएसआर दिसलं की यूडीएफ. खात्री हवी तर सेक्टर २५६ वाचा, पहिल्या दोन बाइटांत टॅग २ हवा.

घणसोली_लिनक्स:
ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिमच नसते, तिथे सेक्टर १६ मागितला की एरर येणारच. आधी टीओसी (डिस्कवरच्या ट्रॅकची यादी) वाचा: ट्रॅकच्या कंट्रोलमध्ये ४ चा बिट चालू असेल तर डेटा, नसेल तर ऑडिओ. सोपा मार्ग म्हणजे डिस्क स्टेटसचा आयऑक्टल, हेक्स ५३२७. तो १०० देतो तेव्हा ऑडिओ, १०१ म्हणजे मोड १ डेटा, १०५ म्हणजे मिश्र. हा सीडीपुरताच वापरा.

'रिकाम्या' डिस्क बहुधा फायनलाइझ न केलेल्या (बर्न करून शेवटी बंद न केलेल्या) आहेत. रीड डिस्क इन्फर्मेशन (हेक्स ५१) पाठवा, बाइट २ चे खालचे दोन बिट बघा: ० खरंच कोरी, १ अर्धवट, २ पूर्ण. १ आलं तर लगेच फायनलाइझ करू नका, त्यात डिस्कवर लिहिलं जातं. जेवढं वाचता येतंय तेवढ्याची इमेज (हुबेहूब प्रत) डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने आधी काढा.

नौपाडा_कोडर:
प्रोफाइल चाललं, धन्यवाद! पण लेबलवर प्लस आर छापलेली एक डिस्क ००१० देते. आणि डिस्क टाकल्या टाकल्या विचारलं तर कधी कधी काहीच येत नाही.

वाशीकर_बाइट:
००१० म्हणजे बर्न करताना बुक टाइप (डिस्कवर नोंदलेला तिचा प्रकार) डीव्हीडी-रॉम केलाय, जुन्या प्लेअरवर चालावी म्हणून. उतरवायला काही फरक पडत नाही. दुसऱ्याचं कारण, ड्राइव्ह अजून डिस्क फिरवून वाचतोय. ड्राइव्ह स्टेटस (हेक्स ५३२६) ३ देत असेपर्यंत सेकंदभर थांबून पुन्हा विचारा, ४ आला की पुढे जा. पन्नासेक वेळा विचारूनही ३ च राहिला तर डिस्क काढून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसलं तर पडणारा चरा ट्रॅकच्याच दिशेने जातो आणि एरर करेक्शनला तो भरून काढणं कठीण जातं.