स्वामित्वधन, ट्रेट व्हॅल्यू, कपात: बियाण्याच्या पैशाला म्हणायचं काय?

भाषांतरवाला:
एका शेतकरी गटासाठी कॅनडातल्या धान्य उत्पादकांच्या वादावर मराठीत टिपण करतोय. वाद थोडक्यात असा. तिथल्या गव्हाच्या बऱ्याच जाती सरकारी संशोधन केंद्रांतून आणि विद्यापीठांतून आलेल्या. त्यासाठी काही पैसा सरकारचा, काही शेतकऱ्यांनी धान्य विकताना टनामागे कापून दिलेला. नवे वाण काढायला एवढं पुरत नाही, खासगी पैसाही आला पाहिजे, असं म्हणत 2018 च्या नोव्हेंबरात सरकारने दोन प्रस्ताव चर्चेला ठेवले. एक, शेतकरी माल विकेल तेव्हा टनामागे रॉयल्टी कापायची. दुसरा, बियाणं घेतानाच करार करून घ्यायचा, की पुढे घरचं बी राखून पेरलं तर त्याचेही दरवर्षी पैसे द्यायचे. प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या मैदानी प्रांतांतल्या, शेतकऱ्यांनी त्यावरून बरंच रान उठवलं.

मी अडलोय शब्दांपाशी. रॉयल्टीला सगळीकडे 'स्वामित्वधन' लिहिलंय. गटातल्या एकाने वाचून विचारलं, "म्हणजे मुरमाची भरतो तीच ना?" शिवाय ही रॉयल्टी वेगळी आणि आधीपासून संशोधनासाठी कापतात ती रक्कम वेगळी. तिला काय म्हणू? 'उपकर' म्हटलं तर सरकारी वाटतं. आणि तिसरं, घरचं बी पुन्हा पेरण्याच्या मोकळिकीला तिकडच्या कायद्यात जो शब्द आहे त्याचा अर्थ 'विशेषाधिकार' होतो. तो तसाच ठेवू का?

दप्तरी:
त्या माणसाचं काही चुकलं नाही. मराठीत 'स्वामित्वधन' हा शब्द सगळ्यात जास्त महसूल खात्यात वापरला जातो. गौण खनिजाचं स्वामित्वधन: वाळू, मुरूम, दगड. ब्रासवर हिशेब होतो, चलन भरायचं, वाहतुकीचा पास घ्यायचा. गावात कुणी 'रॉयल्टी भरली का' विचारलं तर डोळ्यांपुढे डंपर येतो. लेखकाच्या पुस्तकावरची रॉयल्टी ही शहरातली गोष्ट.

अर्थाच्या बाजूनेही हा शब्द बियाण्याला सैल बसतो. मुरूम उचलला की तो खाणीतून गेला, मालकाचं तेवढं कमी झालं, म्हणून त्याचं मोल. त्या ब्रासवर पुन्हा कुणी मागायला येत नाही. बियाण्याचं उलटं आहे. एका पिशवीतून शंभर पिशव्या होतात, काढणाऱ्याकडचं मूळ बी तसंच राहतं, आणि पैसे मात्र प्रत्येक पिढीवर मागितले जातात. 'स्वामित्व' म्हटलं की वाचणारा पहिल्या चित्रावरून दुसऱ्याबद्दल मत बनवतो. मी 'रॉयल्टी'च ठेवीन. परका शब्द निदान आधीपासून बाजू घेऊन बसलेला नसतो.

कोरडवाहू:
रॉयल्टी ठेवा, पण कशावरची ते लिहा. आपल्याकडे कापसाच्या बियाण्यात जो पैसा गेला तो वाणाचा नव्हता, गुणाचा होता. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यातला वाण म्हणजे रंग. पिकाच्या वाणातही दिसण्याचाच भाग मोठा: झाड केवढं, फूल कसलं, दाणा कसा, इतरांपेक्षा वेगळं काय. वाणाची नोंदणी करताना हेच तपासतात. बीटी कापसात कंपनीने विकला तो गुण, बोंडअळीला मारणारा. वाण तर शेकडो, आणि ते देशी कंपन्यांचे. त्या कंपन्या गुणाच्या मालकाला पैसे देत आणि तुमच्याआमच्याकडून पिशवीत वसूल करत. त्याला 'ट्रेट व्हॅल्यू' म्हणायचे. 2016 मध्ये केंद्राने बीटी कापसाच्या 450 ग्रॅमच्या बोलगार्ड-2 पाकिटाची किंमत 800 रुपये ठरवली, त्यात 49 रुपये ट्रेट व्हॅल्यूचे. ते पुढे उतरत 2020 मध्ये शून्यावर आले. म्हणजे आपल्याकडे रॉयल्टी किती हे सरकारने ठरवलं, आणि शेवटी पुसूनही टाकलं. कॅनडात ती लावायची की नाही यावर भांडण चाललंय. टिपणात हा फरक लिहा, नाहीतर वाचणारा म्हणेल, आमचं तर मिटलंय.

आणखी एक. आमच्याकडे तणनाशकाला दाद न देणाऱ्या बिगरमंजुरीच्या कापसाला 'चोर बीटी' म्हणतात. शब्दाने वाटतं कुणाची तरी चोरी झाली, रॉयल्टी बुडवली. सरकार पकडतं ते वेगळ्या कारणाने: त्या गुणाला पर्यावरणाच्या कायद्याखाली मंजुरीच नाही. 'चोर' शब्दाने दोन गुन्ह्यांची खिचडी केलीय, आणि पकडल्या गेलेल्या दुकानदाराला ती सोयीची पडते.

भाषांतरवाला:
वाण आणि गुण ही जोडी घेतोच. पण कॅनडातला वाद गुणाचा नाही, सरळ वाणांचा आहे. गहू, बार्ली. शेतकरी वर्षानुवर्षं घरचं बी वापरतात.

कोरडवाहू:
मग ते आमच्या सोयाबीनसारखं झालं. कापूस संकरित, त्याचं बी राखलं तर पुढल्या पिढीत झाडं सारखी निघत नाहीत, म्हणून दरसाल पाकीट घ्यावंच लागतं. रॉयल्टी वसूल करायला कंपनीला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही, संकरच तिचा वसुलीदार. सोयाबीन स्वपरागित, स्वतःच्याच परागावर दाणा धरणारं, म्हणून राखलेलं बी मुळासारखंच निघतं. जबलपूरच्या विद्यापीठाचा जेएस 335 घ्या नाहीतर परभणीचा एमएयूएस 71, एकदा घेतला की चांगल्या शेतातलं राखून ठेवायचं, पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजायची, सत्तरच्या वर निघाली की पेरायचं. जेएस 335 किती शेतांतून किती वर्षं फिरला, आणि जबलपूरला त्यातलं काय परत गेलं? फार तर पैदासकार बियाण्याची, म्हणजे वाण काढणाऱ्याने दिलेल्या मूळ बियाण्याची, किंमत. कंपन्या सोयाबीनच्या पैदाशीत पैसा का ओतत नाहीत याचं उत्तर त्या गोणपाटात आहे. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. मीही घरचंच बी पेरतो.

दप्तरी:
'विशेषाधिकार' मात्र तसा ठेवू नका, आणि कॅनडासाठी 'हक्क' तर मुळीच लिहू नका. भारताच्या 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात, नावातच पाहा, 'हक्क' आहे. कलम 39 मध्ये शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंही बी राखायला, वापरायला, पेरायला, पुन्हा पेरायला, अदलाबदल करायला, वाटायला आणि विकायला मुभा आहे. सात क्रियापदं. अट एकच, ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. 2019 मध्ये पेप्सिकोने गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने हेच कलम पुढे आलं, आणि कंपनीने दावे मागे घेतले.

कॅनडाने 2015 मध्ये यूपीओव्ही या वाण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कराराची 1991 ची आवृत्ती स्वीकारली. भारत त्या संघटनेचा सदस्य नाही. त्या आवृत्तीत पैदासकाराचा हक्क मूळ, आणि घरचं बी पेरणं हा त्याला केलेला अपवाद, तोही प्रत्येक देशाने ठरवायचा. म्हणजे दिलेली वस्तू, नियम बदलून काढून घेता येण्यासारखी. मराठीत त्याला 'सवलत' म्हणतात. एसटीच्या तिकिटात असते तशी. 'हक्क' लिहिलंत तर तिकडचे शेतकरी इतके का घाबरले तेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

द्राक्षकाडी:
'बियाणं' या शब्दावरच जरा थांबा. आम्ही बी पेरतच नाही. खुंटावर डोळे भरतो, काडी आणतो. ऊसवाले बेणं म्हणतात. कायद्याच्या लेखी हे सगळं 'बियाणं'च, पण रॉयल्टीचा खरा रोकडा अनुभव आज मराठी शेतकऱ्याला कुठे असेल तर द्राक्षात आहे. परदेशी पेटंट वाण, 'आरा'सारखे, परवान्याने लावायचे. करार असतो. काडी शेजाऱ्याला द्यायची नाही. छाटणीनंतर बांधावर पडणाऱ्या काड्यांचा भारा म्हणजे एरवी सरपण, इथे ते परक्याच्या मालकीचं लागवडसाहित्य.

आणि याच पिकाचा इतिहास बघा. तास-ए-गणेश बोरगावच्या, तासगाव तालुक्यातल्या बागेत थॉमसन या जुन्या वाणातून निवडला गेला. सोनाका नान्नजच्या काळे यांच्या बागेतला. हे वाण निवडणारे बागायतदार होते, कुठल्या प्रयोगशाळेतले नव्हते. काड्या हातोहात गेल्या, गाव बदललं, तालुका बदलला, लाखो पेट्या त्यावर निघाल्या. धानातही तेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागड्यांचा तांदूळ घड्याळाच्या कंपनीच्या नावाने, एचएमटी म्हणून, देशभर विकला गेला आणि दादाजी 2018 मध्ये गेले ते गरिबीतच. तेव्हा 'रॉयल्टी म्हणजे कंपनीची लूट' असं मला सरसकट म्हणता येत नाही. वाण काढणारा शेतकरी असला की आपला सूर लगेच बदलतो. टिपणात हे येऊ द्या.

जुनीपोथी:
माल विकताना कापायच्या रॉयल्टीला आपल्याकडे तयार शब्द आहे: बलुतं. पेरताना काही नाही, पीक खळ्यावर आलं की ज्याने काम केलं त्याचा वाटा. पिकलं तर द्यायचं, बुडालं तर तोही बुडाला. अगदी तीच कल्पना.

दप्तरी:
कल्पना जुळते, शब्द नको. बलुत्यात देणारा-घेणारा जातीने ठरलेला होता, आणि घेणारा मागायला दारात उभा राहायचा. इथे घेणारी बियाणे कंपनी. बलुतेदाराच्या जागी तिला बसवणं म्हणजे बलुतेदाराची थट्टा.

जुनीपोथी:
मग वाढीदिढी? बी उसनं घ्यायचं, सुगीला दिढीने परत करायचं.

कोरडवाहू:
ते व्याज झालं. दिढी भरली की बी तुमचं, सावकार पुढच्या वर्षी त्याच बियावर परत येत नाही. (दुसऱ्या कर्जावर यायचा, ती गोष्ट वेगळी.)

ऊसकरी:
तुम्ही सगळे शब्द लांबून आणताय. साखर कारखान्याच्या बिलाची पट्टी काढा. एकूण रक्कम वर, खाली कपाती: सोसायटीचं कर्ज, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. 'बिनपरतीची ठेव' हा शब्द ज्याने शोधला त्याला दाद द्यावी. परत मिळणार नाही आणि तरी ठेव! कॅनडातल्या त्या जुन्या संशोधनाच्या पैशाला 'कपात' म्हणा. पश्चिमेकडच्या प्रांतांत ती मागितली तर परत मिळते ना? मग 'परतीची कपात'. नव्या प्रस्तावातली मालावरची रॉयल्टी परत मिळणार नव्हती. ती 'बिनपरतीची'. ऊसवाल्याला दोन ओळींत समजेल, शब्दकोश लागणार नाही.

दोन्हींत फरक फक्त परतीचा नाही. कपात सगळे देतात, कुठलाही वाण लावला तरी, आणि पैसा कुठल्या कामाला लावायचा ते शेतकऱ्यांचं मंडळ ठरवतं. आपले कारखाने गाळपाच्या टनामागे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला वर्गणी देतात, त्याच जातीची गोष्ट. रॉयल्टी वाणाच्या मागे जाते. ज्याचा वाण जास्त पेरला जाईल त्याला जास्त. म्हणून ज्या पिकाचा पेरा थोडा, ज्या भागात पाऊस थोडा, तिथे रॉयल्टीवर जगणारा पैदासकार फिरकत नाही. तिथे कपातीचा पैसाच लागतो. मला विचाराल तर भांडण रॉयल्टी हवी की नको एवढंच नाही. रॉयल्टी आली की सरकार आपला हात काढून घेईल का, हे आहे.

ऑस्ट्रेलियात दोन्ही चालतात. धान्याच्या किमतीच्या साधारण एक टक्का सक्तीची कपात, त्यात सरकारही भर घालतं. आणि वर मालावरची रॉयल्टी, गव्हाला टनामागे काही डॉलर. गाडी गोदामाला लागली की शेतकरी वाणाचं नाव सांगतो, त्यावर कापतात. घरचं बी पेरताना काही द्यावं लागत नाही. या रस्त्याने गव्हाची पैदास तिथे जवळजवळ सगळी कंपन्यांकडे गेली. फ्रान्सने तर 2001 पासून गव्हावर टनामागे एक वसुली लावली, जिचं नाव शब्दशः 'ऐच्छिक सक्तीची वर्गणी'! प्रमाणित बियाणं विकत घेतलं तर त्यातलं काही परत. आमच्या बिनपरतीच्या ठेवीला फ्रान्सात सख्खा भाऊ निघाला.

भाषांतरवाला:
सगळ्यांचे आभार. आता असं करतो. 'रॉयल्टी' ठेवतो, पुढे ती कुठे कापतात ते जोडतो: 'पिशवीवरची', 'पेऱ्यावरची', 'मालावरची'. कॅनडाचा पहिला प्रस्ताव मालावरचा, दुसरा पेऱ्यावरचा, आपल्या कापसाची पिशवीवरची. संशोधनाच्या जुन्या पैशाला 'परतीची कपात'. घरचं बी पेरण्याला कॅनडाच्या संदर्भात 'सवलत', भारताच्या संदर्भात 'हक्क', आणि हा फरक एका परिच्छेदात उलगडून सांगतो. 'स्वामित्वधन' एकदाही नाही.

शेवटचं एक. 'पैदासकार' ठेवू की 'प्रजननकार'? गटातल्या बायकांनाही वाचायला द्यायचंय, पैदास म्हटलं की जनावरं आठवतील का?

कोरडवाहू:
पैदासकारच. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळं लेबल, पायाभूतला पांढरं, पैदासकार बियाण्याला पिवळं. ज्या बाया बीजोत्पादनाचे प्लॉट करतात त्या हा शब्द कृषी सहायकापेक्षा सफाईने वापरतात. 'प्रजननकार' लिहिलंत तर मात्र हसतील.