बीटी वांगं रोखलं, पण सरकीचं तेल चालतं?

कोरडवाहू:
परवा इथे एकाने लिहिलं, 'जीएम अन्न देशात येऊ दिलं नाही म्हणून आपण वाचलो.' (जीएम म्हणजे जनुक बदललेलं.) राहवलं नाही म्हणून लिहितोय. 2002 पासून आपल्याकडे बीटी कपाशी आहे, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली; आज 90 टक्क्यांहून जास्त कपाशी बीटीच. तिच्या सरकीचं तेल आपल्या पोटात जातं, पेंड जनावरांना जाते. 2021 मध्ये 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला सरकारनेच परवानगी दिली. वांग्यावर मात्र 2010 पासून स्थगिती. तेच बीटी वांगं बांगलादेशातला शेतकरी 2014 पासून लावतोय, आणि आपला शेतकरी शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी तोडणीच्या तोंडावर औषध मारतोय. ते फवारलेलं वांगं चालतं?

वऱ्हाडी:
बीटीनं फवारे वाचतात हे यवतमाळात येऊन सांगा. 2017 ला हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी (डागाळलेला, चिकटलेला कापूस) झालेली. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात 20 हून जास्त माणसं गेली. आमच्या गल्लीतला एक दवाखान्यात होता, आठ दिवस नीट दिसत नव्हतं त्याला. कपाशीनं शिकवलं तेवढं पुरे, वांगं नको.

निमशास्त्री:
दुःख खरं आहे, पण कारण चुकीचं लावताय. अमेरिकेने 2018 मध्ये गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तिथेही बीटीच होती, जोडीला नपुंसक पतंग सोडले, पीक वेळेत उपटलं. अळी बीटीला सरावू नये म्हणून शेताच्या कडेनं लावायला दिलेली नॉन-बीटीची पाकिटं आपण बांधावर फेकली आणि पाणी आहे म्हणून मार्चपर्यंत फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवली. अळीला बारमाही जेवण मिळालं, ती बीटी पचवायला शिकली.

वऱ्हाडी:
म्हणजे पुन्हा शेतकरीच दोषी! ते 120 ग्रॅमचं पाकीट मी लावलं होतं भाऊ. निम्मं उगवलंच नाही. कंपनीकडे तक्रार केली, कुणी फिरकलं नाही. खुर्चीत बसून फरदडीवर बोलणं सोपं आहे.

निंदणवाली:
तुम्ही दोघं अळीवर भांडताय, गावात खरा प्रश्न तणाचा आहे. जुलैत पाऊस लागला की डवरा (बैलाचं कोळपं) चालत नाही, निंदायला बाया मिळत नाहीत. म्हणून लोक चोर बीटी लावतात, तणनाशक मारलं तरी न मरणारी, परवानगी नसलेली कपाशी. 2019 ला अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला उघड लावली, गुन्हे अंगावर घेतले.

कोरडवाहू:
ताई, विषय वांग्याचा आहे.

निंदणवाली:
विषय एकच आहे. बंदी घातली तरी बियाणं येतंच, फक्त बिलाशिवाय येतं. उगवलं नाही तर दाद कुणाकडे मागायची?

वऱ्हाडी:
आणि निंदणाच्या मजुरीवर ज्यांचं घर चालतं त्या बाया? माझी आई निंदायला जायची. तणनाशक आलं की पहिली मजुरी तिचीच जाते.

निंदणवाली:
मी स्वतः निंदलंय, दादा. दिवसभर वाकून चिखलात बसणं कुणाला हवं असतं? बायांच्या नावानं तुम्ही ठरवू नका.

निमशास्त्री:
एक लक्षात घ्या, चोर बीटीत नवं एवढंच की ती तणनाशक सहन करते. बोंडअळीवर तिच्यात नवं काही नाही, डोमकळ्या (गुलाबी अळीमुळे न उमलणारी फुलं) दिसायच्या त्या दिसणारच.

निंदणवाली:
माहीत आहे. अळीसाठी कुणी घेतही नाही ती.

निमशास्त्री:
वऱ्हाडी, तुमचं एक मान्य करावं लागेल. बीटी आपल्याकडे बहुतेक संकरित वाणांतच आली, म्हणून दरवर्षी बियाणं विकत आणि पीक लांबतं. अमेरिकेत ती सरळ वाणांत आहे, म्हणजे ज्यांचं बियाणं पुन्हा पेरता येतं अशा. सरळ, कमी दिवसांच्या वाणात आधी दिली असती तर अळीला एवढा वेळ मिळाला नसता.

वऱ्हाडी:
हेच पंधरा वर्षं बोंबलतोय आम्ही. वांगं सरळ वाणात द्या, बियाणं घरी राखू द्या, मग विचार करू. तोवर माझा विरोध आहे.

कोरडवाहू:
सरळ वाणाची अट मलाही मान्य. पण मग स्थगिती उठवा अशी मागणी तुम्हीही करा, नुसतं 'नको' म्हणू नका.

वऱ्हाडी:
आधी सरकीच्या तेलाच्या डब्यावर 'जीएम' छापायला लावा. खाणाऱ्याला कळू द्या, मग वांग्याचं बोलू.