शब्दचर्चा : आरोग्यातली 'इक्विटी' आणि 'सिव्हिल सोसायटी'

प्रश्न

जागतिक आरोग्य धोरणावरच्या एका लेखमालेचं भाषांतर करते आहे. 'जागतिक आरोग्य समता धोरण घडवण्यात नागरी समाजाची भूमिका' असं शीर्षक दिलंय. शब्द सगळे मराठी, पण वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. 'सिव्हिल सोसायटी'ला, म्हणजे सरकार आणि धंदा यांच्याबाहेर लोकांनी उभ्या केलेल्या संस्था-संघटनांना, नागरी समाजच म्हणायचं का? आणि 'इक्विटी'साठी समता, समानता, समन्याय यांतलं काय घ्यावं?

प्रतिसाद

'नागरी' घोटाळा करतोय. मराठीत नागरी म्हटलं की आधी शहर आठवतं : नागरी वस्ती, नागरी आरोग्य केंद्र. त्यात शेजारी 'आरोग्य' असेल तर वाचक हमखास शहरी आरोग्याकडे वळणार. नागरी हक्क, नागरी कायदा इथे असं होत नाही, पुढचा शब्द अर्थ सांभाळून घेतो. 'समाज'ला ते जमत नाही. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत 'नागरी समाज' रुळलाय, तिथे तो खुशाल राहू द्या.

प्रतिसाद

सरळ 'स्वयंसेवी संस्था' लिहा. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद

कळतं, पण भलतंच कळतं. स्वयंसेवी म्हटलं की शिबिर भरवणारे, औषधं वाटणारे लोक मनात येतात. धोरण ज्यांनी बदललं त्यांतले कितीतरी जण मदत करायला आले नव्हते, स्वतःच्या जगण्याचा हक्क मागायला आले होते.

दक्षिण आफ्रिकेतली ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही एचआयव्हीच्या उपचारांसाठी लढणारी संघटना घ्या. १९९८ मध्ये केपटाउनला सुरू झाली, एचआयव्हीसह जगणारी माणसं तिच्या आघाडीवर होती. त्या काळी श्रीमंत देशांत एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. औषधं मिळत होती, पण ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांच्या हाताला ती लागत नव्हती. स्वस्त औषधांची वाट मोकळी करणारा कायदा तिथल्या सरकारने १९९७ मध्ये केला, तर औषध कंपन्या पेटंटचा मुद्दा काढून कोर्टात गेल्या. या संघटनेने 'न्यायालयाचा मित्र' (स्वतः पक्षकार नसून न्यायालयापुढे माहिती मांडणारा) म्हणून खटल्यात प्रवेश मिळवला, बाहेर मोर्चे काढले, देशोदेशीच्या संघटना पाठीशी उभ्या केल्या. एप्रिल २००१ मध्ये ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिप्ला या भारतीय औषध कंपनीने हा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला होता, आणि नोव्हेंबरमध्ये दोह्याला जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी जाहीर केलं की पेटंटचे नियम कोणत्याही देशाला सार्वजनिक आरोग्य जपण्यापासून रोखत नाहीत आणि रोखूही नयेत.

याला 'सेवाभावी कार्य' म्हणणं अन्यायाचं होईल. अशा ठिकाणी 'बाधितांच्या संघटना' लिहा. सगळे मिळून म्हणायचे असतील तर 'लोकसंघटना आणि स्वयंसेवी संस्था'. लांबतं, पण खरं आहे.

प्रश्नकर्ती

आणि 'बिगरसरकारी संस्था'?

प्रतिसाद

सरकार नसलेलं सगळंच बिगरसरकारी, म्हणजे शब्दशः पाहिलं तर सिगारेटची कंपनीसुद्धा. हा नुसता कीस काढणं नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण करारात, जनजागृतीच्या कलमात, 'तंबाखू उद्योगाशी संबंध नसलेल्या' संस्था असं मुद्दाम लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही बाहेरच्या संस्थांशी संबंध कसे ठेवायचे हे ठरवणाऱ्या २०१६ च्या चौकटीत चार गट वेगळे केले : बिगरसरकारी संस्था, खाजगी क्षेत्र, दानी प्रतिष्ठानं आणि शैक्षणिक संस्था. उद्योगांच्या महासंघांना दुसऱ्या गटात टाकलं. मूळ लेखात कोण अभिप्रेत आहे ते बघा आणि त्याचंच नाव घ्या.

प्रतिसाद

आता 'इक्विटी'. समानता म्हणजे सगळ्यांना सारखं. आरोग्यात ते पुरत नाही, कारण गरजाच सारख्या नसतात. ब्रिटनमधल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास केलेली फोड अजून उपयोगी पडते : आरोग्यातला जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्याजोगा आहे आणि अन्याय्य आहे, तोच इथला प्रश्न. तरुणांपेक्षा म्हातारी माणसं जास्त आजारी पडतात, ही नुसती तफावत. औषध असूनही किमतीपायी माणूस मरतो, ही विषमता. मराठीत 'तफावत' आणि 'विषमता' हे दोन शब्द आपल्याकडे तयारच आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरू नका, निम्मं काम तिथेच होईल.

ध्येयासाठी 'आरोग्य-समता' ठीक. वाटपाबद्दल असेल तर 'समन्यायी'. पाणीवाटपामुळे तो शब्द कानाला परका राहिलेला नाही. 'लशींचं समन्यायी वाटप' चटकन कळतं.

प्रतिसाद

कुणी 'भूमिका'कडे पाहिलंच नाही. माझ्या मते सगळ्यात पोकळ शब्द तोच. मत मांडणं आणि मत देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेशी अधिकृत संबंध असलेल्या संस्था जागतिक आरोग्य सभेत, म्हणजे तिच्या सदस्य देशांच्या वार्षिक सभेत, निवेदन करू शकतात, मतदान करू शकत नाहीत. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल फंडात मात्र मताधिकार असलेल्या २० जागांपैकी तीन अशा संस्था-समुदायांच्या आहेत : विकसित देशांतल्या संस्था, विकसनशील देशांतल्या संस्था आणि या आजारांसह जगणारे समुदाय. पहिल्याला 'सल्लामसलत' म्हणा, दुसऱ्याला 'निर्णयातला वाटा'. दोन्हींना 'सहभाग' म्हटलं की ज्यांना फक्त दोन मिनिटं बोलायला दिलं त्यांनाही निर्णयात धरल्यासारखं होतं, आणि पुढे तो निर्णय त्यांच्याच माथी मारला जातो. याची मला खरोखर चीड येते.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. शीर्षक असं करते : 'आरोग्यातली विषमता आणि लोकसंघटना : जागतिक धोरण कुणी बदललं?' आता 'ॲडव्होकसी' अडलंय. 'वकिली' लिहावंसं वाटत नाही.

प्रतिसाद

नकोच, काळा कोट आठवतो. चळवळीतले लोक 'जनवकिली' म्हणतात, पण बाहेरच्याला ते उमगत नाही. 'पाठपुरावा' बघा. निवेदन देणं, खेटे घालणं, उत्तर येईपर्यंत मागे लागणं हे सगळं त्यात येतं. जिथे मागणी रस्त्यावर आली आहे तिथे मात्र 'लढा'च लिहा.