‘सॅम्पल’ लिहिलेला स्लॅब : फोडू की ठेवू?

पेठेतला_संग्राहक (पुणे)
माझा संग्रह ब्रिटिश इंडियाच्या रुपयांचा, अमेरिकी नाण्यांतलं फार कळत नाही. आतेभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा त्याच्या सासऱ्यांच्या कपाटातले दोन स्लॅब, म्हणजे नाण्याची प्रत (ग्रेड) ठरवून ते सीलबंद करतात त्या प्लॅस्टिकच्या डब्या, घेऊन आला. एक पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीचा, आत लिंकन सेंट. दुसरा एनजीसी या तशाच कंपनीचा, आत डाइम (दहा सेंटचं नाणं). जिथे एमएस ६५ वगैरे ग्रेड असते तिथे नुसतं ‘सॅम्पल’. ही ग्रेडिंगमध्ये नाकारलेली नाणी आहेत का? प्लॅस्टिक फोडून सेंट अल्बमला लावावा म्हणतोय.

रेवती_एडिसन
कृपा करून फोडू नका! नाकारलेलं वगैरे काही नाही. ग्रेडिंग कंपन्या आपला होल्डर (ही प्लॅस्टिकची डबी) लोकांना हातात घेऊन बघता यावा म्हणून प्रदर्शनांत आणि दुकानदारांना असे स्लॅब वाटतात. आत मुद्दाम साधं नाणं घालतात, सेंट, निकेल, डाइम नाहीतर क्वार्टर. बहुतेकदा त्याची ग्रेड ठरवलेलीच नसते. नाण्याची किंमत एक सेंट ती एक सेंटच. जपायचं ते प्लॅस्टिक आणि लेबल.

मी हेच जमवते. १९८७ मध्ये एनजीसी सुरू झाली ती इथे न्यू जर्सीत, पार्सिपनीला, माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत (आता कंपनी फ्लोरिडात, सारासोटाला आहे). त्याच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियात पीसीजीएसने काम सुरू केलं होतं. त्याआधी दुकानदार विकताना नाणं ‘६५’ म्हणायचा आणि तेच परत घेताना ‘६३’. गिऱ्हाईक कुणाकडे दाद मागणार? या कंपन्यांनी त्रयस्थ माणसांकडून १ ते ७० च्या शेल्डन मापावर नाणं तपासून सीलबंद करून द्यायला सुरुवात केली. पण डबीतल्या नाण्यावर विश्वास ठेवा, हे लोकांना पटवायचं कसं? डबी त्यांच्या हातात देऊन. म्हणून मला सॅम्पलचं इतकं अप्रूप. त्या धंद्याने विश्वास कसा कमावला, ते त्यात दिसतं.

एकदा नाण्यावरून नजर हटली की होल्डर दिसायला लागतो. पीसीजीएसचा सुरुवातीचा छोटा होल्डर हलवला की आत नाणं खुळखुळतं, म्हणून संग्राहक त्याला ‘रॅटलर’ म्हणतात. एनजीसीच्या पहिल्या होल्डरमध्ये नाण्याभोवतीचा भाग काळा होता, लवकरच तो पांढरा झाला. त्या काळ्या होल्डरसाठी लोक आजही भरपूर पैसे मोजतात, आत नाणं कितीही साधं असो. पुढे नाण्याची कडसुद्धा दिसेल असे होल्डर आले. माझी मांडणी कंपनीप्रमाणे आणि होल्डरच्या पिढीप्रमाणे असते. नाण्याच्या सालाप्रमाणे लावणारेही आहेत, पण मला त्यात राम वाटत नाही.

मालवणचो_बाबू
मस्त माहिती, रेवतीताई. एक भर घालतो. स्लॅब हवाबंद नसतो. आमच्याकडे पावसाळ्यात तांब्याची नाणी स्लॅबमध्येसुद्धा काळवंडतात. पुणं त्या मानाने बरं, तरी डब्यात सिलिका जेल ठेवा. आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटात कुठलंच नाणं ठेवू नका, हिरवट चिकट थर येतो.
ताई, पैशाच्या दृष्टीने यात काही आहे का?

रेवती_एडिसन
@बाबू, नेहमीचे सॅम्पल काही डॉलरांत मिळतात. जुना होल्डर असेल, किंवा लेबलवर एखाद्या प्रदर्शनाचं नाव छापलेलं असेल, तर भाव चढतो. पण एक धोका आहे. ग्रेड दिलेल्या स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. सॅम्पलवर बरेचदा तसा क्रमांकच नसतो. नकली स्लॅब बाजारात आहेतच, तेव्हा महाग सॅम्पल अनोळखी माणसाकडून नुसता फोटो बघून घेऊ नये. मी लेबलची छपाई, मागचा होलोग्राम आणि कडेचा जोड माझ्याकडच्या खात्रीच्या सॅम्पलशी ताडून बघते.

@पेठेतला, सेंटचं साल काय? आणि लेबलचा रंग?

पेठेतला_संग्राहक (पुणे)
सेंट १९९० चा, लेबल फिकट हिरवं. हलवला तर खुळखुळत नाही. डाइम १९९७ चा, त्याचं लेबल पांढरट.

रेवती_एडिसन
वा! पीसीजीएसने साधारण १९९८ च्या सुमारास हिरवं लेबल सोडून निळं आणलं. आत १९९० चं नाणं, म्हणजे होल्डर त्याआधीचा असूच शकत नाही. तुमचा सॅम्पल नव्वदच्या दशकातला. डाइमचं मात्र सालावरून एवढंच कळतं की होल्डर १९९७ च्या आधीचा नाही, कंपनीच्या हाताशी जुनी नाणीही असू शकतात. त्याच्या मागच्या होलोग्रामचा फोटो टाका, मग सांगते.

आणि हिरवा कधी द्यावासा वाटलाच तर आधी मला विचारा. बदल्यात अॅनॅक्स या आणखी एका ग्रेडिंग कंपनीचा छोटा पांढरा सॅम्पल देईन, माझ्याकडे एक जादा आहे. डिसेंबरात पुण्याला येणार आहे, तेव्हा प्रत्यक्ष बघून ठरवू.