गिटार शिकायची आहे, क्लास जमत नाही. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? (ठाणे)

घोडबंदरकर:
नमस्कार मंडळी. राहायला कासारवडवली, ऑफिस ऐरोलीला. संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात, तोवर क्लास बंद. मुलासाठी घेतलेली अकूस्टिक गिटार कपाटावर पडून होती (स्वारी आता फुटबॉलमध्ये रमली आहे), ती खाली काढली. सी, जी, डी, ई मायनर हे कॉर्ड (एकत्र छेडायचे स्वर) वाजतात. एकातून दुसऱ्यात जाताना मात्र गाणं थांबून माझी वाट बघतं.

घरी विंडोजचा लॅपटॉप आहे. यूसिशियन, रॉकस्मिथ, गिटार प्रो ही नावं ऐकली, पण फरक कळत नाही. मला रॉकस्टार व्हायचं नाही. बायको भावगीतं छान म्हणते, तिला साथ करता आली तरी गंगेत घोडं न्हालं. पैसे टाकण्याआधी फुकटात काय बघता येईल?

सहावी_तार:
तिन्हींची जातकुळी वेगळी आहे. यूसिशियन माइकवरून तुमचं वाजवणं ऐकतं आणि स्वर बरोबर पडला की चूक ते तिथल्या तिथे दाखवतं. फुकटात रोज थोडा वेळ मिळतो, पुढे वर्गणी. रॉकस्मिथ हा मुळात गेम. पहिला 2011 मध्ये आला, तेव्हा गिटारची पिन थेट यूएसबीत घालायची खास वायर लागायची. आताचा रॉकस्मिथ प्लस वर्गणीवर चालतो आणि अकूस्टिक असेल तर फोनचा माइकही चालवून घेतो. गिटार प्रो शिकवत वगैरे काही नाही. ते टॅब लिहायचं-वाचायचं सॉफ्टवेअर, एकदाच पैसे भरून घ्यायचं.

तुम्हाला नोटेशन येत नसलं तरी टॅब अर्ध्या तासात कळेल. सहा रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबायची ते.

माझं ऐकाल तर आधी टक्सगिटार उतरवा. फुकट आहे आणि गिटार प्रोच्या जुन्या फाइली उघडतं. दोन मापं (तालाचे छोटे तुकडे) निवडायची, तेवढंच पुन्हा पुन्हा वाजेल असा लूप लावायचा, वेग 60 टक्क्यांपासून सुरू करून प्रत्येक फेरीला थोडा थोडा आपोआप वाढेल असं सांगून ठेवायचं. कॉर्ड बदलताना अडखळण्यावर याच्याइतका उतारा दुसरा नाही. फक्त सी ते जी, जी ते सी, बाकी काही नाही. कंटाळा येईल, येऊ दे.

धड्यांसाठी जस्टिन सँडरकोच्या साइटवरचा नवशिक्यांचा कोर्स बघा. इंग्रजीत आहे, पण माणूस घाई करत नाही.

नेरूळची_नीता:
माइकवाल्या ॲपबद्दल एक सांगते. आमच्याकडे पंखा फुल, खाली रिक्षा, आत कुकर. मी नीट वाजवलं तरी ॲप लाल दाखवायचं. फ्लॅटमध्ये वापरायचं तर दार लावून, पंखा मंद करून, गिटार लॅपटॉपच्या जवळ धरून.

आणि ट्यूनिंग माइकवर करू नका. जाड ई ची तार साधारण 82 हर्ट्झची. इतका खालचा स्वर लॅपटॉपच्या बारक्या माइकला धड पकडता येत नाही, कधी कधी तो वरच्या सप्तकातला स्वरच दाखवतो. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर घ्या. तो लाकडाच्या कंपनावरून स्वर ओळखतो, कुकर शिट्टी मारो नाहीतर बँड वाजो.

बारावा_फ्रेट:
सगळं ठीक आहे, पण या सॉफ्टवेअरना कान आहेत, डोळे नाहीत. उदाहरण एफ कॉर्डचं. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं. नवशिका ते सपाट टाकतो आणि जीव खाऊन दाबतो. पेरांमधल्या खळगीत नेमकी एखादी तार जाते आणि बुड्ड असा आवाज येतो. ॲप सांगणार, चूक. कशामुळे चूक ते नाही सांगणार. बोट अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर किंचित वळवायचं, फ्रेटच्या तारेला अगदी लगटून ठेवायचं, कोपर अंगाजवळ घ्यायचं. हे समोर बसलेला माणूस दोन मिनिटांत दाखवतो. घोडबंदरच्या सोसायट्यांत रविवारी घरी येऊन शिकवणारी मुलं असतात, त्यांना महिन्यातून एकदा बोलवा. रोजचा रियाज लॅपटॉपवर, हाताची तपासणी त्यांच्याकडे.

शिवाय गिटार इतकी वर्षं कपाटावर होती म्हणता, तर तारा गंजल्या असणारच, आपल्याकडचा पावसाळा काय सोडतो का. नव्या तारा घाला, जाडी 10 ची (म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.010 इंच). 12 च्या तारांनी बोटं सोलवटून घेण्यात काही शौर्य नाही. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर धोबीतलावच्या एखाद्या वाद्याच्या दुकानात नेऊन सेटिंग करून घ्या. हे न करता कुठल्याही ॲपची वर्षाची वर्गणी भरणं म्हणजे पैसे खाडीत.

घोडबंदरकर:
तारांचं पटलं, खरंच तपकिरी झाल्यात. गिटारला खाली पिन लावायची जागा आणि बॅटरीचा कप्पा आहे. म्हणजे लॅपटॉपला थेट जोडता येईल? रात्री सासूबाई झोपलेल्या असतात, ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायचा विचार आहे.

सहावी_तार:
जोडता येईल, पण मधे ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपला पोचवणारा डबा) घ्या, एका गिटारपुरता छोटा पुरे. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात पिन घालायच्या फंदात पडू नका.

ब्लूटूथ मात्र अजिबात नको. त्यात आवाज कानात पोचायला 100 ते 200 मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत अर्धी मात्रा 300 ची असते. म्हणजे तुम्ही तार छेडणार आता आणि ऐकू येणार पाव मात्रेनंतर. लय बसूच शकत नाही, दोष मात्र स्वतःच्या हाताला देत बसाल. वायरचा हेडफोन इंटरफेसलाच लावा. सेटिंगमध्ये बफर (एका वेळी साठवायचे आवाजाचे नमुने) 256 ठेवला तर 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके नमुने) एका बाजूचा उशीर जेमतेम 6 मिलिसेकंद. जाता-येता मिळून साधारण 12, तेवढं कानाला कळत नाही. आवाज तुटायला लागला तर 512 करा. गुंंsss असा आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बरेचदा तिथेच मिटतं.

नेरूळची_नीता:
भावगीताला साथ करायची तर मिसेसची पट्टी विचारून ठेवा. सगळी ॲप सी आणि जी मधली गाणी देतात, बायका गाणार काळी चार नाहीतर काळी पाच (पेटीच्या काळ्या पट्ट्या). कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लागणारच. गाण्याचा वेग ऑडॅसिटीत कमी करता येतो, पट्टी न बदलता. तेही फुकट.

घोडबंदरकर:
विचारलं. काळी पाच. म्हणजे कॅपो तिसऱ्या फ्रेटवर आणि आकार जी चा?

नेरूळची_नीता:
बरोबर. गाण्यात कोमल गंधार असेल (म्हणजे मायनर) तर कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि ए मायनरपासून सुरुवात. त्यात एफ येईल, बारावा_फ्रेट म्हणतात तसं कोपर अंगाजवळ.